अभ्यास कोणासाठी?

जुलै महिन्यातील एखाद्या रविवारी सायंकाळी लालबाग-परळच्या, आजही उरलेल्या चाळींतून हिंडणाऱ्यास एक देखावा हमखास दृष्टीस पडतो. चाळीच्या मधल्या मोकळ्या जागेत सतरंज्या अंथरलेल्या असतात, एका टेबलावर पांढरी चादर घातलेली असते, आणि पावसाची सर आलीच तर धावपळ नको म्हणून वर ताडपत्री ताणलेली असते. उत्सव मंडळाचा हा गुणगौरव समारंभ होय. शालान्त परीक्षेत यश मिळविलेल्या मुलामुलींची नावे एकामागून एक पुकारली जातात. कोणाला वह्यांचा संच मिळतो, कोणाला दप्तर, कोणाला पुष्पगुच्छ. टाळ्या वाजतात. गॅलरीच्या कठड्याला टेकून उभी असलेली एखादी आजी पदराने डोळे टिपते. ज्याचे नाव पुकारले जाते त्याला अशा वेळी धन्यता वाटावी, हे स्वाभाविक आहे. आणि ज्याचे नाव यादीत नाही तो जिन्याच्या पायरीवर, अंधाराच्या बाजूला बसून राहतो, हेही तितकेच स्वाभाविक आहे.

त्या पायरीवर बसलेल्या मुलाच्या मनात एक प्रश्न उभा राहत असेल: 'मला बक्षीस मिळावयाचेच नाही, तर मी अभ्यास करावा तो कोणासाठी?' प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

मनुष्य कोणतेही काम करतो त्याच्या मागे काही ना काही प्रेरणा असते. ती कधी बाहेरून येते. आईबापांची शाबासकी, गुरुजींचा धाक, परीक्षेतील गुण, सायकल घेऊन देण्याचे वचन, शेजारच्या मुलाच्या पुढे जाण्याची ईर्ष्या, या साऱ्या बाह्य प्रेरणा होत. ती कधी आतून येते. एखादे गणित सुटले नाही म्हणजे जीव बेचैन होतो. एखादी कविता विनाकारण पाठ होऊन जाते. नकाशात नर्मदा शोधता शोधता बोट तिच्या उगमापर्यंत जाऊन पोहोचते. तेथे कोणी बक्षीस लावलेले नसते. ती आंतरिक प्रेरणा होय.

या दोहोंविषयी घराघरांतून दोन टोकांची मते ऐकू येतात. काही वडीलधारी माणसे म्हणतात की, मुले ती मुलेच. धाक आणि खाऊ यांवाचून ती पुस्तकाला हात लावणार नाहीत. उलट, नव्या विचाराच्या काहींना वाटते की, आवड असेल तरच अभ्यास करावा. बक्षिसे, गुण, शिक्षा हे सारे व्यर्थ आणि घातक आहे. पहिल्या मतात मुलांच्या बुद्धीवर अविश्वास आहे. दुसऱ्या मतात गरिबीचा विसर पडलेला आहे. तो कसा, ते पुढे दिसेल.

प्रथम बक्षिसाचाच विचार करावा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. चित्रे काढण्याची मनापासून आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुले त्यांनी निवडली. त्यांतील काहींना आधीच सांगितले की, रंगीत पेनांनी चित्र काढाल तर सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना आधी काहीच न सांगता चित्र झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र दिले. उरलेल्यांना ना वचन दिले, ना बक्षीस. एकदोन आठवड्यांनंतर तीच पेने बालवाडीतील टेबलावर पुन्हा ठेवली आणि कोणते मूल किती वेळ चित्रे काढते, हे दुरून पाहिले. ज्यांना बक्षिसाचे वचन देऊन चित्रे काढावयास लावले होते, ती मुले इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रांत रमली. ज्यांना बक्षीस अकस्मात मिळाले होते, त्यांची आवड मात्र पूर्वीसारखीच राहिली.

ही गोष्ट नीट ध्यानात घेण्याजोगी आहे. पहिल्या गटातील मुलांची आवड कोणी हिरावून घेतली नव्हती. परंतु जे काम ती आनंदासाठी करीत होती, ते आता मोबदल्यासाठी करण्याचे काम झाले. आणि मोबदला संपताच कामातील गोडीही ओसरली. गुण मिळविण्यासाठीच इतिहास वाचणाऱ्या मुलाचे असेच होते. परीक्षा संपली त्या सायंकाळी ते पुस्तक रद्दीच्या गठ्ठ्यावर जाऊन पडते, आणि पानिपतच्या रणांगणावर पुढे काय झाले याचे त्याला कुतूहलही उरत नाही.

मग बक्षिसे बंदच करावीत काय? तसे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. गिरगावच्या जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाने मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठी एक शिष्यवृत्ती ठेवण्यात आली होती. पिढ्यान्‌पिढ्या हुशार विद्यार्थी तिच्यासाठी झटत आले. ती मिळविणारा विद्यार्थी 'शंकरशेट स्कॉलर' म्हणून ओळखला जाई, आणि ती ओळख त्याला जन्मभर पुरे. १९१२ साली एल्फिन्स्टन हायस्कूलच्या चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांनी मॅट्रिकला पहिला क्रमांक मिळविला, आणि ही शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. पुढे १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि स्वतंत्र भारताचे अर्थमंत्रीही झाले. आकडेमोडीच्या आणि राज्यकारभाराच्या त्या धबडग्यात संस्कृतची आठवण ठेवण्याचे त्यांना काही कारण नव्हते. तरीही त्यांनी कालिदासाचे 'मेघदूत' मराठी पद्यात आणले, आणि १९६९ साली स्वतःच्या संस्कृत कवितांचा संग्रह प्रसिद्ध केला. शिष्यवृत्ती एकदाच मिळाली. संस्कृत जन्मभर सोबतीला राहिले. जेथे आत मुळात ओढ असते तेथे बाहेरचा मान तिला मारक ठरतोच असे नाही.

परंतु त्याच एल्फिन्स्टन हायस्कुलात, देशमुखांच्या आधी पाच वर्षे, आणखी एक विद्यार्थी मॅट्रिक झाला होता. त्याला ही शिष्यवृत्ती मिळणे शक्यच नव्हते. तो संस्कृतात कच्चा होता म्हणून नव्हे. अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मल्यामुळे त्याला शाळेत संस्कृत शिकूच दिले नव्हते. त्याला फार्सी घ्यावी लागली. शर्यत सुरू होण्यापूर्वीच त्याच्यापुरते मैदानाचे दार बंद झाले होते. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

भीमरावांना अभ्यासाची आवड जन्मतःच होती असे नाही. साताऱ्यास असताना त्यांचे लक्ष पुस्तकांत फारसे नसे. साताऱ्याची काही मुले मुंबईस जाऊन गिरणीत कामाला लागली, हे त्यांच्या कानावर आले आणि आपणही पळून जाऊन गिरणीत नोकरी धरावी असे त्यांच्या मनाने घेतले. गाडीभाड्याला पैसे हवे होते. त्यांना सांभाळणारी आत्या आपली पैशांची पिशवी कमरेला खोचून झोपत असे. तीन रात्री प्रयत्न फसला. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली. उघडून पाहतात तो आत अर्धा आणा! रुपयाचा बत्तिसावा भाग. त्या अर्ध्या आण्यात मुंबई गाठणे शक्य नव्हते. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, भीमरावांना स्वतःचीच लाज वाटली. चोरी कोणी पाहिली नव्हती, कोणी रागावले नव्हते, कोणी छडी उगारली नव्हती. तरीही त्या रात्रीनंतर त्यांनी उनाडपणा सोडला. लवकर परीक्षा उत्तीर्ण व्हावयाचे आणि स्वतःच्या पायांवर उभे राहावयाचे, असा निश्चय त्यांनी केला. ही हकीकत त्यांनी पुढे स्वतःच सांगितली आहे. आंतरिक प्रेरणा म्हणजे नेहमी आवडच असते असे नाही, हे येथे दिसून येते. स्वतःला पटलेले कारण हीदेखील आतूनच आलेली प्रेरणा असते, आणि पुष्कळदा ती आवडीहून चिवट ठरते.

पुढे त्यांचे कुटुंब मुंबईस आले आणि परळला, कामगारवस्तीतील एका चाळीत, एकाच खोलीत राहू लागले. ज्या गिरण्यांत काम करण्यासाठी भीमराव घर सोडणार होते त्या आता घराभोवतीच होत्या. आणि भीमराव मात्र शाळेला जात होते. ती खोली स्वयंपाकघरही होती आणि अभ्यासिकाही. चुलीचा धूर तिच्यात कोंडे. भांडीकुंडी आणि जळाऊ लाकडे यांनी ती भरून गेलेली असे. उशाशी जाते आणि पायाशी शेळी, अशा जागेत भीमराव झोपत. घरात सर्वांची निजानीज होईपर्यंत अभ्यासाला जागाच नसे. म्हणून वडिलांनी एक व्यवस्था केली. शाळेतून आल्यावर भीमरावांनी लवकर झोपावयाचे. रामजी सुभेदारांनी रात्री दोन वाजेपर्यंत जागावयाचे. दोन वाजता मुलाला उठवावयाचे आणि मग त्याच्या जागेवर आपण झोपावयाचे. काच नसलेल्या रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात भीमराव पहाटेपर्यंत वाचीत.

या व्यवस्थेला कोणती प्रेरणा म्हणावे? मुलाला उठविणारा हात बाहेरचा होता, यात शंका नाही. परंतु त्या हातात खाऊ नव्हता आणि छडीही नव्हती. भीमरावांना नवे पुस्तक हवे झाले की रामजी सुभेदार लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवीत, पुस्तक घेत, आणि निवृत्तिवेतन हाती आले की दागिना सोडवून परत नेऊन देत. पुस्तकाची ओढ मुलाची होती. ती पुरी करण्याची धडपड बापाची होती. मघाशी ज्या दुसऱ्या मताचा उल्लेख आला, आवड असली म्हणजे झाले असे मानणाऱ्यांचे, त्यात नेमके हेच विसरले जाते. आवड नुसती असून भागत नाही. तिला दिवा लागतो, तेल लागते, झोपण्यासाठी आणि जागण्यासाठी जागा लागते. ज्या घरात हे सारे न मागता मिळते तेथेच 'आवड असली की पुरे' असे म्हणणे सुचते.

शाळेतले वातावरण उत्साह वाढविणारे मुळीच नव्हते. एकदा शिक्षकांनी त्यांना फळ्यावर गणित सोडवावयास बोलावले. फळ्यामागे इतर मुलांनी आपले डबे ठेवले होते. भीमराव फळ्याजवळ पोहोचण्यापूर्वीच मुलांनी धावत जाऊन आपापले डबे बाजूला काढले. त्यानंतर ते फळ्याजवळ गेले आणि त्यांनी गणित सोडविले.

शाळा सुटल्यावर ते चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसत. आज त्या बागेस स. का. पाटील उद्यान म्हणतात. तेथे फिरावयास येणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचे या मुलाकडे लक्ष गेले. केळुसकर विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली, वाचनाला वळण लावले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या अभिनंदनासाठी सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली, आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र त्यांना भेट दिले.

तोही एक गुणगौरव समारंभच होता. त्या वेळी भीमरावांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते; म्हणजे शेकडा अडतीसच्याही आत. आज पुष्कळ मंडळांच्या सूचनाफलकावर 'शेकडा ८५ हून अधिक गुण मिळविणाऱ्यांनीच गुणपत्रिकेची प्रत आणून द्यावी' अशा अर्थाची सूचना लावलेली असते. असल्या सूचनेप्रमाणे चालावयाचे ठरविले असते, तर भीमराव आंबेडकरांचे नाव त्या सभेत पुकारले गेलेच नसते. बोले आणि केळुसकर यांनी केवळ गुणांकडे पाहिले नाही. हा मुलगा कोठून निघाला आणि किती वाट चालून आला, याकडे त्यांनी पाहिले. शेकडा पस्तीसवरून स्वतःच्या कष्टाने पंचावन्नपर्यंत गेलेल्या मुलीला एक वही द्यावी, असे चाळीतल्या मंडळांना का सुचू नये? वह्या काही फार महाग नसतात. शंभरांपैकी नव्वदांच्या पुढे गेलेल्याला तर त्याचे गुणच पुष्कळ मान मिळवून देतात. टाळ्यांची गरज जिन्याच्या पायरीवर बसलेल्याला अधिक असते.

केळुसकरांच्या प्रयत्नाने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भीमरावांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. बक्षीस आणि शिष्यवृत्ती यांत लोक सहसा भेद करीत नाहीत. पण तो करावयास हवा. बक्षीस कामाच्या शेवटी उभे असते आणि कधी कधी आमिषाप्रमाणे खुणावते. शिष्यवृत्ती कामाच्या सुरुवातीला येते आणि वाटखर्चीचे काम करते. 'तू शिकलास तर तुला हे देऊ' असे बक्षीस म्हणते; 'तुला शिकावयाचे आहे ना, मग हे घे' असे शिष्यवृत्ती म्हणते. २५ रुपयांनी भीमरावांच्या मनात ज्ञानाची भूक निर्माण केली नाही. ती भूक उपाशी मरू दिली नाही, एवढेच त्या रुपयांनी केले. आणि ते पुष्कळ होते.

धाकाची गोष्ट मात्र निराळी आहे. नापास होण्याच्या भीतीने मूल पुस्तक उघडते हे खरे. पण भीतीला समजण्याशी काही कर्तव्य नसते, तिला फक्त सुटका हवी असते. म्हणून भ्यालेले मूल गाइडातील उत्तर अर्थ न कळताच घोकते, किंवा शेजाऱ्याच्या वहीत डोकावते. अमक्याला किती मिळाले, तमकीला किती मिळाले, ही घरोघर चालणारी चौकशीही धाकाचाच प्रकार आहे. ती बंद झाली तर मुलांचे आणि शेजाऱ्यांचेही भले होईल.

गिरणगावात एके काळी सबंध वस्तीची पहाट गिरण्यांच्या भोंग्याने होत असे. भोंगा वाजला की चाळीच्या चाळी जाग्या होत, मोऱ्यांवर गर्दी उडे, आणि डबे घेतलेली माणसे रस्त्याने लगबगीने चालू लागत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी-कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर बहुतेक गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि भोंगे मुके झाले. पण भोंगा वाजेनासा झाला म्हणून त्या वस्तीतील माणसे झोपून राहिली नाहीत. कोणी पहाटे उठून डबे करून देऊ लागल्या, कोणी भाजीची पाटी घेऊन बसले. उठण्याचे कारण ज्याच्या त्याच्या घरातच होते. विद्यार्थ्याच्या बाबतीतही शाळेची घंटा, घरच्यांची हाक, परीक्षेचे वेळापत्रक हे भोंगे होत. लहानपणी ते हवेतच. परंतु शाळा एक दिवस संपते, आणि हाक मारणारी माणसेही नेहमी जवळ राहत नाहीत.

मग आतले कारण सापडावे कसे? नुसते 'आवड ठेव' असे सांगून कोणालाही आवड लागत नाही. गणित न आवडणाऱ्या मुलाला पुष्कळदा गणित आवडत नसते असे नव्हे; त्याला ते येत नसते, आणि जे येत नाही ते आवडत नाही. तिसरीतील भागाकार कच्चा राहिलेला मुलगा सातवीत व्याजाच्या उदाहरणापाशी अडखळतो आणि स्वतःला मठ्ठ समजू लागतो. त्याने लाज न बाळगता तिसरीच्या भागाकाराकडे परत जावे, रोज चारच उदाहरणे सोडवावीत, आणि उत्तर शेवटच्या पानावर पाहण्यापूर्वी ते स्वतःच ताडून पाहावे. अशा वेळी आईने चार उदाहरणांच्या मोबदल्यात एखादी चिक्की दिली तरी बिघडत नाही. स्टॅनफर्डच्या मुलांना मुळात आवड होती, म्हणून तेथे बक्षिसाने नुकसान केले. येथे अजून आवडच नाही. मात्र उदाहरण पहिल्यांदा आपल्या आपण सुटते त्या दिवशी मुलाच्या चेहऱ्यावर जे हसू उमटते, त्याचे चिक्कीशी काही नाते नसते. शहाणी आई त्या दिवसापासून चिक्कीचा डबा हळूच वरच्या फळीवर ठेवून देते.

संगतीचे बळही लहान नाही. वरळीस पोदार रुग्णालयाच्या बाजूला एक गल्ली आहे. तिचे नाव सुदाम काळू अहिरे मार्ग. पण लोक तिला 'अभ्यास गल्ली' म्हणूनच ओळखतात. आसपासच्या चाळींतील आणि लहान घरांतील मुले वर्षानुवर्षे तेथे रस्त्याच्या दिव्याखाली बसून अभ्यास करीत आली आहेत. १९२० च्या सुमारास बांधलेल्या बी.डी.डी. चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. तीत पाचसहा माणसे राहत असली की पुस्तक उघडावयास कोपरा उरत नाही. म्हणून मुले गल्लीत येतात. तेथे हजेरी घेणारे कोणी नाही. पण शेजारी कोणीतरी मान खाली घालून वाचीत बसलेले दिसले की उठून जाणाऱ्याचे पाय थबकतात. ही प्रेरणा बाहेरची म्हणावी की आतली, हे ठरविणे कठीण आहे. आणि ठरविलेच पाहिजे असेही नाही.

अशीच गोष्ट गिरणगावातील रात्रशाळांची. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी अशा शाळा आणि वाचनालये चालविली. दिवसभर यंत्रापुढे उभे राहिलेली माणसे रात्री पाटी घेऊन बसत, ती काही बक्षिसाच्या आशेने नव्हे. याच गिरणगावात वाढलेले कवी नारायण सुर्वे यांनी लहानपणीच गिरणीत काम केले. पुढे ते एका शाळेत शिपाई झाले, शिकत राहिले, आणि शाळेत शिक्षक म्हणून उभे राहिले. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कवितासंग्रहाला त्यांनी नाव दिले: 'माझे विद्यापीठ'. ज्या रस्त्यावर ते वाढले त्यालाच त्यांनी विद्यापीठ मानले होते.

भीमराव आंबेडकर १९१२ साली बी. ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदार वारले. त्याच वर्षी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथून १९१६ साली लंडनला. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. बाहेरचा आधार संपला म्हणजे काय होते, याची कसोटी येथे लागली. पदव्या हाती होत्या. तेवढ्यावर थांबले असते तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. परळला चाळीतच राहून, रमाबाईंच्या काटकसरीच्या संसारात, त्यांनी पैसा साठविला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या पारशी मित्राने ५००० रुपये उसने दिले. आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. म्हणजे या वेळीही बाहेरचा आधार लागलाच. पण या खेपेस तो त्यांच्यापर्यंत चालत आला नव्हता. ते त्याच्यापर्यंत चालत गेले होते.

लंडनला ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताच ते आत जात आणि बंद होईपर्यंत वाचीत. खोलीवर आल्यावर वाचन पुन्हा सुरू होई. १९२३ साली लंडन विद्यापीठाने त्यांना डी. एस्‌सी. ही पदवी दिली. परळच्या खोलीत दोन वाजता उठविणारे वडील आता नव्हते. लंडनच्या खोलीत त्यांच्याबरोबर राहणाऱ्या मित्राला मध्यरात्रीनंतर कधी जाग येई तेव्हा दिवा जळतच असे. आणि तो मित्र त्यांना विनवून सांगे की, आता पुस्तक मिटा आणि झोपा.